अक्काच्या जागेवर

लोणावळ्याच्या एका मुलांच्या इस्पितळात, मागच्या व्हरांड्याच्या टोकाला, चादरींच्या कपाटाला लागून लीलाबाईंचे टेबल होते. मुंबईला तीन वर्षे राहून त्या लहान मुलांच्या मनाच्या दुखण्यांचा अभ्यास करून आल्या होत्या. असे काही दुखणे असते, हेच इस्पितळात फारसे कोणाला मान्य नव्हते. तपासून काही सापडले नाही, की मोठे डॉक्टर चिठ्ठीवर ‘लीलाबाई’ एवढेच लिहीत आणि ती चिठ्ठी देताना कंपाउंडर हसे.

१९४१ च्या माघातल्या एका सोमवारी बेडसे गावचा भिमाजी आपल्या अकरा वर्षांच्या मुलीला पाठुंगळीस घेऊन आला. कामशेतपर्यंत बैलगाडी, तिथून आगगाडी, आणि स्टेशनापासून पाठीवर. मागे त्याची बायको शालूबाई, पदराचे टोक दातांत धरून. मुलीचे नाव हौसा. दीड महिन्यापासून तिला उभे राहता येत नव्हते. देवऋष्याने दोन्ही पोटऱ्यांवर डाग दिले होते. ते पिकले, पण पाय हलले नाहीत.

डॉक्टरांनी तळपायाला टाचणी लावली. पाय झटकन मागे आला.

“शिरा शाबूत आहेत. ढोंग आहे,” ते म्हणाले.

“ढोंगासाठी कोणी पोटऱ्या भाजून घेत नाही,” लीलाबाई म्हणाल्या. पण डॉक्टर पुढच्या मुलाकडे वळले होते. पंधरा दिवसांची खाट लीलाबाईंना भांडून मिळवावी लागली. भिमाजी गावी परतला. शालूबाई लेकीच्या उशाशी राहिली.

तीन दिवस हौसा बोलली नाही. चौथ्या दिवशी लीलाबाईंनी तिच्यापुढे चिंध्यांच्या बाहुल्या ठेवल्या. तिने एक उचलून निजवली आणि तिच्या तोंडावरून फडके ओढले.

“ही कोण गं?”

“अक्का.”

“काय झालं अक्काला?”

“बाळ झालं. रगत लय ग्येलं. म्या पानी आनाया ग्येलते, तवर...” हौसाने दुसरी बाहुली पहिलीला चिकटवून ठेवली. “आता मला तितं द्यायाची हाय. अक्काच्या जागंवर.”

अक्का म्हणजे थोरली बहीण नंदा. बाराव्या वर्षी तिला सोपानला दिली आणि चौदाव्या वर्षी पहिल्याच बाळंतपणात ती गेली. मदतीला पाठवलेल्या हौसाने ते सारे डोळ्यांनी पाहिले. आता तिशीतल्या त्याच सोपानशी तिचे लग्न फाल्गुनात ठरले होते. सुपारी फुटली त्या दिवशी हौसाचे पाय गेले.

भिमाजी भाकरी घेऊन आला, तेव्हा लीलाबाईंनी त्याला हे समजावून सांगितले. त्याने खाली मान घालून ऐकले.

“बाई, तुमचं खरं आसंल. पन नंदीचं लेकरू हाय तितं, पाच म्हयन्याचं. परकी सावतर आई आली तर त्याचं हाल कुत्रं खानार न्हाई. मावशी ग्येली तर जीव लावंल. आन पाव्हन्यांना सबूद दिलाय म्या.”

“हौसाच अजून लेकरू आहे, भिमाजीभाऊ.”

“आमच्यात आसंच आस्तंय,” तो म्हणाला. त्यात उर्मटपणा नव्हता, आणि त्याचीच लीलाबाईंना अधिक चीड आली.

लीलाबाई तालुक्याच्या गावी एका वकिलांकडे गेल्या. अशा लग्नाला कोर्टाची मनाई मिळते, वकील म्हणाले. पण वयाचा पुरावा लागेल. गावच्या जन्मनोंदीत ‘भिमाजीस मुलगी’ एवढेच होते. कोणती मुलगी, हे सिद्ध होईपर्यंत हळद लागून जायची.

दहाव्या दिवशी आया धोंडाबाई धावत डॉक्टरांकडे गेली. हौसा खाटांचे गज धरून चालत होती. शेजारच्या रडणाऱ्या पोराला तिने उठून पाणी पाजले होते. धोंडाबाईला फार आनंद झाला होता. डॉक्टरांनी कागदावर ‘बरी’ असा शेरा मारला आणि बापाला निरोप धाडला.

लीलाबाई त्यांच्या खोलीत गेल्या. “ती इथं चालते, कारण इथून तिला कोणी सोपानकडे नेत नाही. महिनाभर ठेवा.”

“खाटा आजारी मुलांसाठी आहेत, बाई. तुमचा आजार मी कोणत्या रकान्यात लिहू?”

लीलाबाई व्हरांड्यात परतल्या. आपण मुलीला बरे केले ते बोहल्यापर्यंत चालत जाता यावे म्हणून का, या विचाराने त्यांना स्वतःच्या विद्येचाच राग आला.

दोन दिवसांनी भिमाजी आला. हौसा व्हरांडा चालत ओलांडून गेली. पायऱ्यांपाशी बैलगाडी उभी होती. “बिगी बिगी चला, पाव्हनं वाट बगत्यात,” भिमाजी म्हणाला, आणि हौसा होती तिथेच खाली कोसळली. पाय पुन्हा लाकडासारखे.

भिमाजी तिला उचलायला वाकला.

“हात लावू नगा तिला,” शालूबाई म्हणाली. इतक्या दिवसांत लीलाबाईंनी तिचा आवाज पहिल्यांदा ऐकला.

“येडी का काय तू? सबूद दिलाय.”

“तुमी दिलाय. नंदीचं रगत म्या धुतलंय. अंगनापतूर आलतं. लेकराचा घोर लागलाय ना? मग लेकरू हिकडं आना. आजी हाय म्या, सांबाळीन. पन ही पोर त्या घरात जायाची न्हाई. न्ह्यायाची आसंल तर आदी मला गाडीखाली घाला.”

ती खरोखरच चाकापुढे जाऊन बसली. भिमाजी मागे सरला. मग त्याने डोक्याचे मुंडासे सोडले, तोंड पुसले आणि गाडीवाल्याला सांगितले, “बैलं सोड.”

चैत्रात तिघेही इस्पितळात आले. हौसा आपल्या पायांनी आली. तिच्या कडेवर नंदाचे बाळ होते. लीलाबाईंनी बाळाच्या गालाला बोट लावले. त्यांनी सहज सोपानचे विचारले.

“त्याचं झालं की लगीन,” भिमाजी म्हणाला. “डोंगरावरच्या वाडीतली पोर केली. धा वर्साची आसंल.”

“काही बोलली नाही ती?”

“तिला काय हुतंय? धडधाकट हाय. चालत आली मांडवात.”

“नाव काय तिचं?”

भिमाजीने शालूबाईकडे पाहिले. शालूबाईने मान हलवली. नाव कोणाला ठाऊक नव्हते. कोणी विचारले नव्हते.

लीलाबाईंनी टेबलावरच्या चिठ्ठ्या तशाच ठेवल्या. व्हरांड्यात पाच मुले थांबली होती, त्यांना धोंडाबाईच्या हवाली केले आणि पायांत वहाणा सरकवल्या.

“ती वाडी मला दाखवा, भिमाजीभाऊ,” त्या म्हणाल्या. “आत्ताच निघू. तिच्या आईला गाठायचंय.”