सलबियाच्या जिभेची हमी

बेसुतच्या किनाऱ्यावर नारळ पाडायला माकडं पाळतात, आणि तिथे सलबियाच्या नाकाची ख्याती अशी, की नारळ फोडला की तो कुणाच्या माकडाने पाडला हे ती वासावरून सांगे. खोटं वाटत असेल तर माकडांना विचारा.

तिच्या नवऱ्याने, देरामनने, होडी विकली आणि मागच्या पडवीत ई-सिगारेटमध्ये भरायचं वासाचं पाणी बनवून विकायला घेतलं. वास ठरवायची सलबिया. केकमध्ये घालायच्या लोण्याच्या अर्काचा थेंब जिभेवर घ्यायचा, डोळे मिटायचे, "चालेल" म्हणायचं. पोटाला चालतं ते छातीला का चालू नये? देरामन प्रत्येक घाणा स्वतः ओढून बघे. धूर इतका, की शेजारचा कोंबडा दुपारपर्यंत आरवत नसे. बिचाऱ्याला पहाटच दिसेना.

मग देरामनला खोकला लागला. घराच्या पायऱ्या चढवेनात. शेवटी तर कॉफीवर फुंकर घालायलाही दम पुरेना.

इस्पितळातल्या तरुण डॉक्टरणीने अर्काची बाटली हुंगली. "मक चिक," तिने मावशी म्हणून हाक मारली, "यांनी हे ओढलं?"

"खायचंच आहे ते, पोरी! हे बघ." सलबियाने तिथल्या तिथे थेंब जिभेवर टाकला. "अख्खं लग्न जेवलंय यावर. कुणाला साधी ढेकर नाही आली."

"पोट जिरवतं हो. छातीला कुठे जिरवता येतं? या वासाची वाफ श्वासात जाऊन पॉपकॉर्नला हा वास लावणाऱ्या कारखान्यातल्या माणसांच्या छातीतल्या बारीक नळ्या बुजल्यात. यांचं त्यानेच झालं, असं ठामपणे नाही सांगता येत. पण नळ्या बुजल्यात."

"मग उघड की!"

"त्या उघडत नाहीत, मक चिक."

घरी आल्यावर देरामनला पायरीवर टेकवून सलबियाने एकेक बाटली गटारात उपडी केली. गल्लीभर लोण्याच्या केकचा असा घमघमाट सुटला, की समुद्रावरचं वारंसुद्धा वाट वाकडी करून आलं. पलीकडची मिनाह ताटली घेऊनच हजर झाली.

"केक उतरला वाटतं, मक चिक? आणि आम्हाला विसरलात होय!"

सलबियाचा हात बाटलीसकट तसाच राहिला. पायरीवर देरामनने खांदे कानांपर्यंत उचलले, आणि आत येईल तेवढी हवा ओढली, वासासकट.

"या खेपेला..." तो थांबला, पुन्हा हवा गोळा केली. "...छान जमलंय गं."

मिनाह ताटली पुढे करून उभीच होती.