झिपरूची नक्कल

भिकनला एका जागी बसवत नसे. जेवताना तो ताटावरून दोनदा उठायचा, एकदा पाण्याला आणि एकदा उगीच. मॅट्रिकला नापास होऊन तो नंदुरबारहून कोरीटला परत आला, तेव्हा वडिलांनी त्याला कापसाच्या वेचणीवर लक्ष ठेवायला बांधावर बसवलं. तासाभरात तो वेचणाऱ्या बायांच्या मधोमध उभा राहून तलाठ्याची नक्कल करत होता आणि वेचणी थांबली होती.

वडील हिंमतराव गावचे पोलीस पाटील, सगळ्यांचे आप्पा. बोलणं मोजकं, हसणं त्याहून मोजकं. घरी येऊन ते बायकोला, अनुसयाबाईंना, एवढंच म्हणाले, "तुन्हा पोऱ्याना पायमा भवरा शे."

ही छप्पन सालची गोष्ट. सव्वीस जानेवारीला शाळेच्या पटांगणात दुपारी कार्यक्रम होता. मुलांची गाणी झाली, भाषणं झाली, लोक जांभया देऊ लागले. तेव्हा उदेसिंग गुरुजींनी भिकनला खुणावलं, "काहीतरी कर रे बाबा." भिकननं कुणाचा तरी डफ उचलला आणि तो झिपरू झाला.

झिपरू गावचा कोतवाल, दवंडी देणारा. डफावर तीन थापा मारायच्या, हनुवटी आभाळाकडे करायची आणि ओरडायचं, ही त्याची रीत. पण वाक्याच्या मध्येच तो भलतीकडे थांबे. इतका वेळ, की ऐकणारा पुढचं विसरून जाई. भिकननं ते थांबणंच उचललं.

"ऐका हो ऐका! सकाय मामलेदारसायबले..." तो थांबला. मान तशीच वर. "चावडीले बांधतीन..." पुन्हा थांबला. पटांगणात खसखस पिकली. "...तोरण!"

लोक एकमेकांच्या अंगावर पडून हसले. पहिल्या रांगेत खुर्चीवर बसलेले हिंमतराव उपरण्यानं डोळे पुसत होते. आपल्यामुळे बाप हसला, हे भिकननं जन्मात पहिल्यांदा पाहिलं. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तो गावभर भटकत राहिला.

झिपरू तेव्हा तिथं नव्हता. पाहुण्यांचं सामान पोचवायला तो नंदुरबारच्या रस्त्याला गेला होता.

फाल्गुनात देवी टोचणारा येणार म्हणून झिपरू दवंडीला निघाला. "सकाय..." म्हणून तो थांबला आणि ओट्यावरची पोरं एका सुरात ओरडली, "तोरण!" गल्ली हसली. त्यानं पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तेच. गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत उद्या काय आहे ते कुणालाच कळलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी देवी टोचणारा चावडीत दिवसभर बसून राहिला. मुलं आली अकरा. तलाठ्यानं झिपरूला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. हिंमतराव म्हणाले, "नीट वरडत जाय." झिपरूनं मान हलवली.

त्यानंतर महिनाभरानं भिकन पानाच्या टपरीशी उभा होता. डफ ऐकू आला म्हणून त्यानं वळून पाहिलं. पुढे झिपरू, मान खाली, नुसता डफ वाजवत चाललेला. मागून त्याची बायको गजराबाई, डोक्यावरचा पदर दातात धरून. तीन थापा झाल्या की ती पदर सोडायची, सारावसुलीचं सरळ सांगून टाकायची आणि पदर पुन्हा दातात धरायची. कुणी हसलं नाही. पान लावणाऱ्याचा हातसुद्धा थांबला होता.

भिकननं पान घेतलं नाही. दोन दिवस तो घरात आणि शेतात येरझारा घालत राहिला. तिसऱ्या दिवशी गावाच्या टोकाला झिपरूच्या घरी गेला. त्या वस्तीत तो आधीही जाई, पण मजुरांना हाक मारायला, लांब उभा राहून. आज तो अंगणात शिरला.

"झिपरूदादा," तो म्हणाला. आजवर तो त्याला नुसता झिपरू म्हणत आला होता.

झिपरू डफ उन्हात ठेवून तापवत बसला होता. तो उठून उभा राहिला. "काय काम शे, भिकनभाऊ? आप्पानी बलावं का?"

"नही. ती नक्कल... मी करेल व्हती."

"माले माहीत शे. सर्वा गावनी दखी. मीच तेवढी दखेल नही." झिपरूनं डफ उचलून त्याच्यापुढे धरला. "करी दखाड."

नाही म्हणायची सोय नव्हती. त्यानं थापा मारल्या, हनुवटी वर केली, ओरडला, थांबला. दाराआडून गजराबाईंचं हसू फुटलं आणि लगेच दाबलं गेलं. झिपरू हसला नाही. सुतार दुसऱ्याच्या हातची चौकट पाहतो तसा तो लक्ष देऊन पाहत होता.

"मान बराबर शे," तो म्हणाला. "पन तठे तू कसाले थांबस?"

"तुम्ही थांबतस म्हनीसन."

"मी थांबत नही, भाऊ. मन्हा दम थांबस."

मग त्यानं सांगितलं. नंदुरबारला कापसाची सरकी काढणाऱ्या जिनात त्यानं बारा वर्षं काढली होती. रुईची भुकटी तिथं सकाळपासून हवेत तरंगायची आणि आत गेलेली बाहेर यायची नाही. त्यानं भिकनचा हात धरून आपल्या पाठीवर ठेवला. आत बारीक शिट्टी वाजत होती.

"दम गया का मी डफ छातीले धरस. तू खाले सोडी दिना. तठे चुकना तू."

भिकनला रागवलेलं चाललं असतं, शिव्याही चालल्या असत्या. ही दुरुस्ती मात्र त्याला सोसवेना. तो घाईघाईनं निघाला आणि घराऐवजी भलत्याच वाटेला लागला.

सत्तावन्नच्या सव्वीस जानेवारीला पटांगण भरून गेलं होतं. शहाद्याकडचे पाहुणेही आले होते. भिकन उभा राहताच आरडाओरडा सुरू झाला, "झिपरू! झिपरू कर!" झिपरू आणि गजराबाई मागे लिंबाखाली उभे होते. भिकननं डफ घेतला नाही. एक खुर्ची ओढली आणि तिच्यावर पाय पसरून बसला. धोतराचा सोगा नीट केला. कुणीतरी अर्ज दिल्यासारखा हवेतला कागद हातात घेतला. जवळ धरला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला, खाकरला आणि म्हणाला, "बघू."

मग एकजण हसला आणि बांध फुटला. सगळ्यांनी ते 'बघू' वर्षानुवर्षं ऐकलेलं होतं. अर्ज घेऊन गेलेल्या प्रत्येकाला हिंमतराव तेच म्हणत आणि कागद घडी करून खिशात घालत. झिपरूसुद्धा हसला आणि हसताहसता खोकत खाली बसला. भिकन चेकाळला. त्यानं कागद शेजाऱ्याकडे दिला, वाचून घेतला, आपल्याला ठाऊकच होतं असा चेहरा केला.

हिंमतराव उठले. घराकडे निघाले. दोन पावलं टाकली आणि सतरंजीच्या कडेला त्यांचा पाय अडला. त्यांनी हात पुढे केला आणि समोर नसलेला खांब चाचपला. उदेसिंग गुरुजींनी धावत जाऊन त्यांना धरलं नसतं तर ते पडलेच असते.

तेव्हा सगळ्या गावाला कळलं. भिकनलाही तेव्हाच कळलं.

घरी आल्यावर अनुसयाबाईंनी ताट वाढलं, पण कुणी जेवलं नाही. हिंमतराव ओसरीवर बसले होते. ते भिकनला म्हणाले, "कधी समजनं तुले?"

"नही समजनं, आप्पा. तुम्हना गळानी आन, माले माहीत नव्हतं."

"मंग बराबर करं कसं?"

झिपरू का थांबतो, हे भिकन त्याच्या अंगणात जाऊन ऐकून आला होता. आपला बाप कागद लांब का धरतो, हे एका घरात राहून त्यानं विचारलं नव्हतं.

धुळ्याला मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. उजवा डोळा वाचला, डावा उशीर झाल्यामुळे गेला. पोलीस पाटीलकी चुलतभावाकडे गेली. हिंमतराव चष्मा लावून शेतात जाऊ लागले आणि मुलाशी कामापुरतं बोलू लागले. त्यांनी त्याला घालवलं नाही. पण पुढच्या वर्षी भिकन स्वतःच पत्र्याची पेटी घेऊन मुंबईला गेला. निघताना अनुसयाबाई म्हणाल्या, "तठे तरी बठशी का एक जागावर?" तो हसला आणि त्यानं पेटी उचलली.

मुंबईत त्यानं कापसाच्या दलालाकडे नमुने पोचवायचं काम धरलं आणि संध्याकाळी हौशी नाटकमंडळींच्या तालमींना जाऊ लागला. भूमिका मिळत त्या गड्याच्या, पोस्टमनच्या, दोन वाक्यांच्या. त्याच्या तोंडून 'आहे'च्या जागी कधी 'शे' निसटे आणि दिग्दर्शक कपाळावर हात मारे. एका मंडळीनं त्याला काढलं, तो दुसरीकडे गेला, तिथून तिसरीकडे. खोल्या बदलल्या, मालक बदलले. भूमिका दोन वाक्यांची असली तरी तसं काम करणारा खरा माणूस तो गाठायचा आणि त्याला विचारायचा, "तुम्ही बोलताना मान अशी का धरता?" काही सांगत, काही हाकलून देत. साठ गेलं, पासष्ट गेलं. झिपरू वारल्याचं त्याला उदेसिंग गुरुजींच्या पत्रातून कळलं. त्या रात्री पावणेदोन वाक्यांचा हवालदार करताना तो पहिल्यांदाच वाक्य विसरला.

मुंबईत टेलिव्हिजन सुरू झालं तेव्हा भिकन पस्तिशीला टेकला होता. शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात पाच मिनिटांचं विनोदी नाटुकलं घालायचं होतं आणि खेड्यातल्यासारखं बोलणारा माणूस हवा होता. कुणीतरी त्याचं नाव सुचवलं. भूमिका होती खताच्या कचेरीत आलेल्या शेतकऱ्याची. दिव्यांचा उकाडा, अंगावर रोखलेला कॅमेरा आणि समोर एकही प्रेक्षक नाही. भिकननं काम केलं. कुणी हसलं नाही. दिवे विझले.

"छान," निर्माते म्हणाले. "पुढचं घ्या."

"साहेब, कुणी हसलं नाही."

"चित्रीकरण चालू असताना इथं हसायला बंदी आहे हो."

भिकन वरळीहून परळपर्यंत चालत गेला. वाटेत त्याला स्वतःच्या तीन चुका सापडल्या. चौथी सापडली तेव्हा तो रस्त्यातच वळला, पुन्हा वरळीला गेला आणि सगळं परत करू द्या म्हणून फाटकावरच्या पहारेकऱ्याशी हुज्जत घालत राहिला. पहारेकऱ्यानं त्याला आत सोडलं नाही. पण सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "मग त्या शेतकऱ्याला खत मिळालं का?"