पत्र्याचा बाक

इंजिनियर म्हणून सही करून तिने फाइल पाठवून दिल्याला एक दिवस उलटला होता, आणि नाश्ता करता करता तिच्या मनात पाल चुकचुकली. पाण्याच्या टाकीवर बसवायचं पोलादी झाकण. पत्रा सहा मिलिमीटर जाड, आणि भार आला की मधोमध बाक, म्हणजे खाली वाकणं, एकतीस मिलिमीटर. एकतीस! तिने हातातला घास ताटात परत ठेवला.

“काय झालं गं?” आईने विचारलं.

“आई, पत्रा स्वतःच्या जाडीच्या पाचपट वाकतोय, आणि मी गणित केलं ते तो जेमतेम हलेल असं धरून.”

“मग परत कर की.”

ऑफिसात पर्स खांद्यावरच ठेवून तिने गणित पुन्हा लावलं. या वेळी वाकता वाकता पत्र्याचा आकार बदलतो हे धरलं. बाक आला अकरा. साहेब खूश झाले. “बघ, उगाच जीव टांगणीला लावून घेतेस. कमीच आला की!”

“साहेब, वाकलेला पत्रा कापडासारखा ताणला जातो, म्हणून कमी आला. पण तो ताण कडेचे बोल्ट ओढतो. पहिल्या गणितात ही ओढ शून्य होती.”

साहेबांचा चेहरा उतरला. आजच टाकीवर झाकण बसवून, वाळूची पोती ठेवून चाचणी होती, आणि तिथला मिस्त्री फोन उचलत नव्हता. ती टॅक्सी करून निघाली. वाटेतल्या प्रत्येक सिग्नलला तिने मिस्त्रीला पुन्हा फोन लावला.

पोचली तेव्हा निम्मी पोती चढली होती.

“थांबा! झाकणावर कुणी जाऊ नका!”

“काय ताई, काल पास, आज नापास?” मिस्त्री हसला, पण पोती उतरवून त्याने कडेचा मधला बोल्ट काढला. पत्र्याचं भोक गोल राहिलं नव्हतं, ओढीने लांबट झालं होतं. त्याने त्यात नख फिरवलं. हसू मावळलं.

“सगळी पोती चढली असती तर?”

“माहीत नाही,” ती म्हणाली.

जाड बोल्ट मागवले, काम आठवडाभर लांबलं. ‘मागचा अहवाल रद्द, चूक माझी’ असं लिहून तिने सही केली. साहेब घरी जा म्हणाले. तिचा पाय निघेना. गेल्या वर्षी तिने अशीच नऊ झाकणं पास केली होती. त्यांच्या फाइली तिने काढल्या. पहिली फाइल: जाडी दहा, बाक चार. ठीक. दुसरीही ठीक. तिसरी उघडली. जाडी सहा, बाक चोवीस.

ती ताडकन उठली आणि फोन शोधू लागली.