मृदंगाला लावलेला दोष

मी एक जुने अस्तर आहे, पण कोटाचे किंवा पिशवीचे नव्हे. सातपूरला राहणाऱ्या मंजुषाच्या गर्भाशयाला आतून असलेले मऊ अस्तर. जुने म्हणावे, तर दर महिन्याला गळून जाते आणि पुन्हा नवे येते. तरी मित्रांनो, मला सगळे आठवते.

माझे काम एकच, पाहुण्याची वाट पाहणे. दर महिन्याला मी फुगून मऊ होते, पेशीपेशीत साखर साठवते, रक्ताच्या बारीक वाहिन्या विणून घेते. पाहुणा आला नाही की ओघळून जाते. त्यात रुसण्यासारखे काही नाही. देवाने नेमून दिलेली चाकरी आहे.

मंजुषा १९९७ साली लग्न होऊन या घरात आली. नवरा ज्ञानेश कारखान्यात पाळीवर जायचा, सासू ठमाबाई घर सांभाळायची. मंजुषाला कीर्तनाचे भारी वेड. मारुतीच्या देवळात सप्ताह बसला, की भाकऱ्या लवकर उरकून ती बायकांत पुढची जागा धरायची. मृदंगावर थाप पडली की तिच्या अंगातून एक शांतपणा उतरायचा, तो थेट माझ्यापर्यंत पोहोचायचा.

अशाच एका सप्ताहाच्या आधी पहिला गर्भ आला. टाचणीच्या टोकाएवढा. आमचे बोलणे शब्दांचे नसते. बुवांनी चरण उचलावा आणि टाळकऱ्यांनी तो झेलावा, तसे ते चालते. त्याने खूण करायची, मी त्याला धरायचे आणि पोसायचे. याने चरण उचलला खरा, पण स्वर मध्येच तुटायचा. त्याची घडणच चुकली होती. मी पुष्कळ वाट पाहिली. सप्ताह उठला आणि माझी पकड सुटली. मंजुषा भिजलेले लुगडे धरून मोरीत बसून राहिली.

डॉक्टरीणबाईंनी समजावले, की गर्भच नीट घडला नव्हता, यात हिची काही चूक नाही. ठमाबाईला ते पटेना. तिलाही लागले होते. नातवासाठी तिने जुन्या लुगड्यांची दुपटी शिवून ठेवली होती. तिने आपले कारण शोधले. कोवळ्या पोटाने ही मृदंगाच्या कडेला बसली, त्या थापेने गर्भ हलला. शेजारच्या लताबाईचा नवराच मृदंग वाजवायचा. ती म्हणाली, "आमच्या घरात रोज ठोकाठोकी चालती, ठमाबाई. चार झाली मला."

"तुझं पोट निबर हाय बाई," ठमाबाई म्हणाली. "हिचं नाय."

मंजुषाचे कीर्तन बंद झाले. ज्ञानेशने तिला एवढेच सांगितले, की आईचे एवढे ऐक, घरात शांतता राहील.

पुढे तिला पुन्हा दिवस गेले, तेव्हा घरात रेडिओसुद्धा लागत नव्हता. मी दुप्पट मायेने सजले. पण हाही गर्भ अर्धवट घडलेला. याचाही स्वर तुटला आणि हाही गेला.

मला वाटले, निदान मृदंग तरी दोषातून सुटेल. दवाखान्यातून घरी आल्यावर मंजुषाच धीर करून म्हणाली, "आत्याबाई, या वेळी तर मी देवळाकडे फिरकलेही नव्हते."

ठमाबाई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "कानानं नसशील ऐकलं. मनात म्हणत असशील. तुला सवयच हाय."

मंजुषा खरोखरच म्हणत होती. पोटावर हात ठेवून, ओठ न हलवता, रोज एक अभंग. आम्हा दोघींना तेवढाच विसावा होता.

त्या वर्षीचा सप्ताह बसला. कर्ण्यावरून बुवांचा आवाज गल्लीत आला. कुणी सांगितले नव्हते, तरी मंजुषा उठली आणि तिने खिडकी लावून घेतली. त्यानंतर तिने मनातही कधी अभंग म्हटला नाही. माझ्याइतके ते कुणाला कळणार?

मित्रांनो, मी अजून दर महिन्याला तयारी करते. कुणी येईल की नाही, हे पांडुरंगालाच ठाऊक. पण तुमच्या घरातली एखादी काकू, एखादी मामी अशीच दवाखान्यातून रिकाम्या हाताने परतली आणि काय खाल्लेस, कुठे बसलीस, अशी तिची उलटतपासणी सुरू झाली, तर तुम्ही तिच्याजवळ जाऊन बसा. माझ्या दारातून जे परत जाते, ते तिच्या गाण्याने जात नाही. हे तिला सांगायला मला तोंड नाही. तुम्हाला आहे.