धाकटीच्या टाकीतले उपरे

आईने खाऱ्या पाण्याच्या टाकीत वाढवलेल्या हिरव्या कोरलला, म्हणजे जिवंत प्रवाळाला, आमच्या घरात धाकटी म्हणायचे. थोरली मी. लाड मात्र धाकटीचेच जास्त, हे मी आईला तोंडावर सुनवायचे आणि ती नुसती हसायची. आई गेली, धाकटी राहिली. तिला तरी काही होऊ द्यायचं नाही, एवढंच माझ्या मनात होतं.

तेवढ्यात बाबांनी टाकीसाठी नवा दगड आणला. तो आधी वेगळ्या बादलीत ठेवून तपासायचा असतो; त्यांनी थेट टाकीत सोडला. त्याच्याबरोबर तपकिरी झिरमिळ्यांचं एक फूल फुकटात आलं. फोटो बघून टाकीतले मासे विकणाऱ्या दुकानदाराने कपाळाला हात लावला.

"ताई, हे फूल नाही, जीव आहे. शेजाऱ्याला डंख मारून मारतो. खरवडू मात्र नका, तुकडा राहिला तर त्याचा नवा होतो. सिरिंजने तोंडावर दाट चुना सोडा, बस."

"चुना तो तुलाच लावतोय," बाबा म्हणाले.

बाबा दातांचे डॉक्टर. जन्मभर लोकांच्या दातांवरचं किटण खरवडलं. आता सकाळी काय खाल्लं ते त्यांना आठवत नाही, पण हात काही विसरलेले नाहीत. मी कामावर गेले की ते दात साफ करायचा वाकडा आकडा घेऊन टाकीतले दगड खरवडत बसायचे. संध्याकाळी मी चुना सोडायचे. एक मारावा तर आजूबाजूला चार उगवलेले. मी समजावलं, चिडले, नको ते बोलले. "बरं बाई," म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

शेवटी आकडा लपवला आणि झाकणाला कुलूप घातलं. त्या संध्याकाळी घरी आले तर बाबा टाकीसमोर बसलेले, बाह्या कोपरापर्यंत वर, डोळे रडून सुजलेले.

"पेशंट ताटकळलेत हो," ते मला म्हणाले. "दवाखाना कुणी बंद केला? माझं काही चुकलं का?"

मला, स्वतःच्या लेकीला, ते अहोजाहो करत होते. टाकीत धाकटीची एक कड पांढरी पडली होती. मी तिच्याकडे बघितलं, मग बाबांकडे. कुलूप काढलं आणि आकडा त्यांच्या हातात दिला.

त्यानंतर चुनाही थांबवला, कारण त्यांच्यापुढे माझी सिरिंज कुठे पुरी पडणार! धाकटी आक्रसत गेली, मग नुसता सांगाडा उरला. त्याच्यावरही तपकिरी झिरमिळ्या उगवल्या.

आज आतून हाक आली, "थोरले, इकडे ये!"

कितीतरी दिवसांनी त्यांनी मला ओळखलं होतं. मी हातातलं टाकून धावले. टाकीभर तपकिरी जीव डुलत होते आणि बाबांचा चेहरा आनंदाने फुलला होता.

"बघ, धाकटी किती फोफावलीय! आई आली की दाखवू."

"दाखवू, बाबा," मी म्हटलं आणि त्यांचे ओले हात पुसायला टॉवेल आणला.