शिंपीणकाकूंचा मँडोला

शिंपीणकाकूंनी कुणाचा तरी वापरलेला, जुना मँडोला घरी आणला आणि त्यांच्या जाऊबाईंनी कपाळाला हात लावला. "साठीला टेकलात की हो! आता शिंगं फुटली का?"

फुटली तर फुटली! मँडोला म्हणजे मँडोलिनची थोरली बहीण. तारा तेवढ्याच आठ, आवाज मात्र भरदार. आणि हा तर देखणा होता. वरची फळी साच्यात दाबून वाकवलेली नव्हती, जाड लाकडातून पटाशीनं कोरून काढलेली होती. मध्ये फुगीर, कडेला पातळ. भोकातून बोट घातलं की आत पटाशीचे बारीक खळगे लागायचे. पाठीवर एक ओरखडा आणि काठाचा थोडा रंग उडालेला, बस्स. पण वाजायचा मात्र बेसूर! मोकळी तार गोड, पडदा दाबला की कावळा.

काकूंचा जीव टांगणीला लागला होता. त्यांच्या दुकानाच्या वरच्या खोलीत वाद्यमेळाची तालीम चालायची. वीस वर्षं शिवणयंत्र थांबवून थांबवून त्यांनी ती ऐकली होती. मग धीर करून मेळ चालवणाऱ्या बाईंकडे दोन वर्षं शिकल्या, बाईंच्याच वाद्यावर. आता मँडोल्याची एक खुर्ची रिकामी झाली होती. बाईंनी सांगून टाकलं होतं, "स्वतःचं सुरातलं वाद्य शनिवारपर्यंत आणा. नाहीतर जागा दुसऱ्याला."

मेळातलेच एक मिस्त्री वाद्यं दुरुस्त करायचे. त्यांनी मँडोला उलटासुलटा केला आणि मान हलवली. "मान मुरगळलीय याची. भिंतीवर टांगा काकू, शोभेल."

शोभेल म्हणे! काकूंच्या अंगाचा तिळपापड झाला.

शुक्रवारी दुपारी त्या एका गिऱ्हाइकाचा कोट सैल करत होत्या. शिवण उसवली, तशी जुन्या टाक्यांची रेघ कापडावर उमटलेली दिसली. काकूंचा हात थबकला. असलीच खूण आपण कुठे पाहिली बरं? त्या तडक उठल्या आणि मँडोला खिडकीशी नेला. तारा ज्या लाकडी घोडीवर टेकतात, तिच्या बोटभर खाली वार्निशावर दोन फिकट ठसे होते.

"अगं बाई! घोडी हलवलीय कुणीतरी!"

त्यांनी तारा सैल केल्या. घोडी ढिम्म हलेना. बाईंच्या मँडोल्यावर ती नुसती तारांच्या दाबानं उभी असायची, चिकटवलेली कधीच नसायची. म्हणजे आधीच्या मालकानं पुसायला सगळ्या तारा एकदम काढल्या असणार, घोडी हातात आली असणार, आणि तुटली असं समजून पठ्ठ्यानं ती अंदाजपंचे डिंकानं डकवली! अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय.

काकूंनी पातळ सुरी इस्त्रीवर जेमतेम गरम केली. नवरोबा दारात येऊन उभे राहिले. "अगं, फळी तडकली तर? मिस्त्रींना बोलावू का?"

"त्यांनी तर टांगायला भिंतीत खिळा ठोकायला सांगितलंय. तुम्ही घट्ट धरा, आणि बोलू नका."

सुरी केसभर आत गेली. पुन्हा गरम केली, पुन्हा केसभर. काकूंना घाम फुटला. तासाभरानं टक् आवाज झाला आणि दोघांनीही डोळे मिटले. फळी शाबूत होती! घोडी हातात आली होती.

त्यांनी घोडी ठशांवर उभी केली, गळ्यातली टेप काढली आणि मापलं. मानेच्या टोकापासून बाराव्या पडद्यापर्यंत जेवढं अंतर, तेवढंच तिथून घोडीपर्यंत. तारा चढवल्या. बारावा पडदा दाबला, तर मोकळ्या तारेचाच सूर, वरच्या सप्तकातला, अगदी नेमका! काकूंनी भर दुपारी दुकानात नवऱ्याला मिठी मारली.

शनिवारी सगळा मेळ बसला होता. काकूंनी वाजवायला घेतलं आणि पहिल्याच खर्जाच्या तारेला खोली भरून गेली. एकही सूर घसरला नाही. मिस्त्री वाकून घोडी न्याहाळत होते, त्यांचे कान लाल झाले होते.

"कुणी करून दिलं?" त्यांनी विचारलं.

"मीच केलं!" काकू म्हणाल्या. आनंदानं त्यांचा आवाज जरा मोठाच निघाला.

बाईंनी रिकामी खुर्ची पुढे ओढली. "बसा काकू. इथून पुढे ही तुमची." मग त्या सगळ्यांकडे वळल्या. "आज सूर काकूंचा घ्यायचा."

काकूंनी तार छेडली, आणि अख्ख्या मेळानं आपापल्या खुंट्या पिळून तो सूर लावला. मिस्त्रींनीसुद्धा.