आलोच हं, आजोबा!

“दाबून तर बघा! तुमच्याच घरचं आहे,” असं म्हणत वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापिकाबाईंनी खाटेच्या कठड्याला बांधलेला टॅब त्याच्याकडे वळवला. खाटेवर त्याचे वडील उशीला टेकून बसले होते.

पडद्यावर एकच मोठं लाल बटण होतं. त्याने ते दाबलं. एका गोल चेहऱ्याने डोळा मिचकावला आणि म्हटलं, “आलोच हं, आजोबा! चपला सापडल्या की निघालोच!”

वाक्य त्याचंच होतं, शब्दन्‌शब्द. टिल्लूसाठी लिहिलेलं.

टिल्लू म्हणजे त्याच्या कंपनीचा मदतनीस. माणूस नव्हे, प्रोग्राम. ‘मला अमुक अ‍ॅप हवं’ असं त्याला नुसतं सांगायचं, की दहा मिनिटांत तो नमुना तयार करून दाखवायचा. नमुना म्हणजे निव्वळ बोलाची कढी. बटणं दिसायची, उत्तरं द्यायची, पण मागे काही जोडलेलं नसायचं. ते जोडायचं काम पुढचं, जाणत्या माणसांचं. टिल्लूचा खट्याळपणा मात्र सगळा याचा. जन्मभर लोकांच्या फिरक्या घेतल्या, त्याचा पगार पन्नाशीत मिळू लागला, म्हणून स्वारी खुशीत होती. पूर्वी प्रत्येक नमुन्यावर एक पिवळी पट्टी यायची : ‘हा फक्त नमुना आहे. खरोखरीच्या कामाला वापरू नका.’ ती यानेच काढायला लावली. “विनोद सांगायचा आणि वर ‘हा विनोद आहे’ अशी पाटी लावायची? मजाच जाते,” असं तो भर मीटिंगमध्ये म्हणाला होता आणि सगळे खो-खो हसले होते.

“हे जोडून कुणी दिलं?” त्याने विचारलं.

“जोडायचंय काय त्यात? तुम्हीच नाही का म्हणालात, टिल्लूला सांगा, तो करतो? रविवारी सकाळी बसले आणि जेवायच्या आत तयार! सोळाच्या सोळा खाटांना लावलं. त्या जुन्या घंटा काढून टाकल्या एकदाच्या.”

“पण वाजतं कुठे हे?”

“ऑफिसात. पडद्यावर खाटेचा नंबर येतो की.” बाई जरा थांबल्या. “सारखा सातच येतो म्हणा. सात नंबरच्या आजी शपथेवर सांगतात, मी हात लावला नाही म्हणून. वयच झालंय, काय करणार!”

नमुना खरा वाटावा म्हणून टिल्लू असा एखादा आकडा मनानेच भरायचा. आज गुरुवार. रविवारपासून या सोळा खाटांवरून कुणी कितीही बोलावलं असलं, तरी ते कुणाच्याही कानावर गेलं नव्हतं. तो बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात बाईंना कुणीतरी हाक मारली आणि त्या लगबगीने गेल्या.

तेव्हा त्याचं लक्ष शेजारच्या खाटेकडे गेलं. गादी दुमडून ठेवलेली होती.

“बाबा, मास्तर कुठे गेले?”

“गेले. मंगळवारी दुपारी.” वडिलांचा आवाज बारीक झाला. “बाई म्हणतात, झोपेतच गेले. झोपेत कसले! छाती धरून बसले होते. बटण दाबत होते.”

मांडीचं हाड मोडल्यापासून वडिलांना खाटेवरून उतरता येत नव्हतं.

“मी ओरडणार होतो. तर मास्तरच म्हणाले, ओरडू नका, तो येतोय म्हणतोय. चपला शोधतोय बिचारा. हसलेसुद्धा रे. दाबायचे, त्याचं बोलणं ऐकायचे आणि दाराकडे बघत बसायचे. मग बघेनासे झाले. मी हाका मारल्या, पण माझा आवाज तो केवढा!”

“बाबा, ते बटण कुठेच जात नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे येणारं कुणी नव्हतंच. ते बोलणं मी लिहिलंय. हे खरं नाही, असं सांगणारी एक पट्टी असायची. ती मीच काढली.”

वडिलांनी टॅबचं तोंड भिंतीकडे फिरवलं. त्यांनी दोन शिव्या घातल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

“आधी बाईंना सांग. आत्ता,” ते म्हणाले. “घंटा परत लावा म्हणावं. आणि चार वाजता मास्तरांची मुलगी यायचीय सामान न्यायला. तिलाही झोपेत गेले असंच सांगितलंय.”

“तेवढंच तिला समाधान आहे, बाबा. आता कशाला...”

“तेही तूच ठरवणार?”

तो गेला. बाईंना सांगितलं. त्या तोंडावर हात ठेवून खुर्चीत बसल्या आणि मग एकदम उठून घंटा शोधायला माळ्यावर चढल्या. त्याने सोळाही टॅब स्वतःच्या हाताने सोडवले. सात नंबरच्या आजी म्हणाल्या, “बरं झालं बाई, मला उगाच खोटं पाडत होतं.”

चार वाजता मास्तरांची मुलगी आली. तिने कपाटातून चष्मा, दोन सदरे आणि दाढीचं सामान काढलं. वडिलांपाशी येऊन विचारलं, “काका, शेवटी त्रास नाही ना झाला त्यांना?”

वडिलांनी मुलाकडे पाहिलं.

तो उठला. “ताई, जरा बसता का? मला सांगायचंय काही.”

“हो, बसते ना,” ती म्हणाली. खोलीत एकच खुर्ची होती. ती त्याने पुढे केली. “असू दे, तुम्ही बसा,” असं म्हणून ती मास्तरांच्या खाटेच्या उघड्या लोखंडी पट्ट्यांवर बसली आणि सदरे मांडीवर घेऊन त्याच्याकडे बघू लागली.